हिरवा ठिपका

चहा ठेवा तुम्ही, तोवर मी सुरुवात करतो. हसायचं असेल तर खुशाल हसा, माझी आता कशालाच हरकत राहिलेली नाही. आमच्या घरात गेले दोन महिने सगळे माझ्यावर हसतायत, त्यात तुमची भर. फक्त एक विनंती आहे, माझ्यासमोर 'हिरवा' हा शब्द काढू नका. भाजीवाली हिरवी मिरची म्हणाली तरी मी पिशवी उचलून चालू पडतो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, नववी-दहावीला. बावीस वर्षं झाली. विद्युतधारेचा धडा सर झोपेतसुद्धा शिकवतील, असं मुलं म्हणतात. झोप कोणाची, ते सांगत नाहीत. सांगायचा मुद्दा असा की विजेतलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. होता, म्हणतोय मी.

भिवंडीजवळ कोनला आमचं घर. माणसं सहा. आई, मी, बायको संगीता, आमच्या दोन मुली आणि माझा धाकटा भाऊ अनिल. अनिल छत्तीस वर्षांचा, गोदामात सुपरवायझर आहे. व्यसन नाही, कटकट नाही, आवाज नाही. शिफ्टवरून आला की 'आलो' म्हणतो आणि जाताना 'जातो' म्हणतो, दिवसाची बातचीत संपली. अशा माणसाचं लग्न जमवायचं म्हणजे घरच्यांनीच तोंड चालवावं लागतं. वडील नाहीत, म्हणून ती जबाबदारी माझ्यावर आली, आणि मी ती मनापासून पार पाडली. तिथेच घोटाळा झाला.

अकरा ठिकाणी मुली बघून झाल्या. अकरा ठिकाणांहून मध्यस्थामार्फत थोड्याफार फरकाने एकच निरोप आला. मुलगा चांगला आहे, पण मोठा भाऊ फार बोलतो. एका ठिकाणी मी मुलीच्या मामांना प्रेशर कुकरची शिट्टी का होते ते समजावून सांगितलं होतं. पाऊण तास लागला असेल. मामांनी दुसऱ्या दिवशी कळवलं, कुकर समजला, मुलगा समजला नाही.

आता बारावं स्थळ. अंबाडीचं. यावेळी मध्यस्थ माझा मावसभाऊ. त्याने फोनवर सांगितलं, "मुलगी बत्तीसची आहे, आई नाही, वडील एसटीतून रिटायर झालेत. मुलीचं नाक्यावर स्वतःचं दुकान आहे." मी म्हटलं, अरे वा. बाईमाणसाचं दुकान म्हणजे काय असणार, फॉल-पिको, ब्लाउजपीस, फार तर पार्लर. मी पुढे विचारलं नाही. तो सांगत होता, पण मला वर्गावर जायचं होतं, म्हणून फोन ठेवला.

हे लक्षात ठेवा. आता बॅटरीकडे येतो.

गेल्या दिवाळीत मी गाडीला नवी बॅटरी घेतली. धामणकर नाक्यावर सलीमचाचांचं दुकान आहे, माझ्या दोन-तीन विद्यार्थ्यांचे आजोबा लागतात ते. हल्लीच्या बॅटऱ्या सीलबंद असतात, पूर्वीसारखी वर सहा झाकणं नसतात, पाणी घालायची भानगड नाही. वर एक बारीक काचेचा डोळा असतो. आत हिरवं दिसलं की चार्ज चांगला, काळं दिसलं की कमी, आणि पांढरट दिसलं की बॅटरी फेकायची. अशिक्षित माणसालाही कळेल अशी सोय. त्यामुळे शिक्षित माणसाचं काय होतं, ते आता बघा.

चाचांनी माझ्यापुढे एक बॅटरी ठेवली. "सर, आपकी गाड़ी छोटी है. ये ले जाओ, परसों ही माल आया है."

मी तिच्याकडे बघितलं नाही. माझी नजर वरच्या फळीवर. तिथे एक बॅटरी होती, तिच्या लेबलवर 'सीसीए' लिहून पुढे भलामोठा आकडा होता. सीसीए म्हणजे कडाक्याच्या थंडीत गार पडलेलं इंजिन फिरवायला बॅटरी किती जोर लावू शकते, त्याचं माप. मी ते आदल्या दिवशी मोबाईलवर वाचून ठेवलं होतं. चाचांच्या बॅटरीवरचा आकडा त्याच्या पुढे अगदीच किरकोळ.

"मला ती द्या."

"वो कब से पड़ी है, सर. नंबर मत देखो, तारीख देखो."

"ताकद जास्त आहे ना तिची?"

चाचांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग अगदी अदबीने म्हणाले, "सर, ये नंबर बर्फवाली ठंडी का है. भिवंडी में बर्फ कौन से महीने में पड़ता है?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. संपलं. त्यानंतर मी ती बॅटरी सोडून दुसरी घेणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, चाचा, ताकद ती ताकद. शिवाय डोळा हिरवागार होता. चाचांनी फळीवरून उतरवली, धूळ पुसली, वॉरंटी कार्डावर शिक्का मारला आणि म्हणाले, "कुछ हुआ तो ले आना." मी मनात म्हटलं, होतंय काय.

हिवाळा छान गेला. मार्चमध्ये गाडी सुरू होताना कण्हायला लागली. एप्रिलमध्ये चावी फिरवली की नुसतं टक टक. मी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, डोळ्यात बघितलं. हिरवा. म्हणजे बॅटरी शंभर टक्के चांगली, दोष दुसरीकडे. हा तर्क मी दहावीच्या मुलांना शिकवतो, एकेक घटक वगळत जायचं. मी वगळत गेलो. स्टार्टर काढून दुरुस्त करून घेतला. पट्टा बदलला. अर्थिंगची वायर बदलली. सगळे फ्यूज बदलले. फक्त बॅटरीला हात लावला नाही, कारण ती सिद्ध झालेली होती.

संगीता म्हणायची, "अहो, चाचांना एकदा दाखवा तरी. वॉरंटीत आहे ती."

"डोळा हिरवा आहे."

"तिचा असेल. तुमच्या डोळ्यांवर काय आहे?"

चाचांनीही मला येताजाताना दोनदा हाक मारली. "सर, सुना गाड़ी तंग कर रही है? एक बार दिखा दो." भिवंडीत कोणाची गाडी कण्हते ते सगळ्यांना कळतं. मी हसून हात केला, आणि तिसऱ्या दिवसापासून नाका टाळून कारखान्यांच्या गल्लीतून शाळेत जायला लागलो. दहा मिनिटं जास्त लागायची, वर लूमच्या खडखडाटाने डोकं उठायचं, पण सिद्धांत शाबूत होता.

तर अंबाडीला जायचा रविवार ठरला. आदल्या दिवशी अनिल शिफ्टवरून आला. 'आलो' म्हणाला आणि माझ्यासमोर उभाच राहिला. मग त्याने त्या वर्षातलं सगळ्यात मोठं वाक्य टाकलं.

"दादा, उद्या काही सांगू नको. कुकर नको, बॅटरी नको, काहीच नको."

आई खाटेवरून म्हणाली, "ह्या टायमाला न्हाय जमलं तर पोरगा परत कुठं बघाया जायाचा न्हाय, सांगून ठेवतंय. तू गप ऱ्हायाचंस, सुभाष."

मी आई, संगीता, अनिल, तिघांसमोर शब्द दिला. अनिलकडे बघून गलबललो होतो हो. हसू नका, खरंच. त्याने नवा पांढरा शर्ट आणला होता आणि स्वतःच इस्त्री करत होता, एकच बाही तीनदा. मनात म्हटलं, याच्यासाठी एक दिवस तोंड बंद ठेवणं एवढं काय अवघड आहे.

रविवारी सकाळी गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. मी संगीताकडे अशा नजरेने बघितलं की तिने खिडकीबाहेर बघितलं. आई आणि संगीता मागे, अनिल माझ्या शेजारी पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन.

त्या दिवशी गल्लीतून जाता येईना, तिथे रस्ता खोदला होता. धामणकर नाक्यावर आलो आणि अडकलो. पुढे ट्रक, मागे टेम्पो, दोन्ही बाजूंनी शेअर रिक्षा. जरा क्लच सुटला आणि गाडी बंद पडली. चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक टक. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर बसला होता.

गाडी कुठे बंद पडावी? सलीमचाचांच्या दुकानाच्या बरोब्बर समोर. चाचा शटर वर करत होते. त्यांनी मान वळवून बघितलं, आई दिसली, तिला सलाम केला, आणि खिडकीशी आले.

"सर, पाँच मिनट. मैं अभी बदल देता हूँ."

आता इथे, या क्षणी, मी 'बरं' म्हटलं असतं तर गोष्ट संपली होती. तुम्ही आता चहा पिऊन कामाला लागला असतात. पण मी म्हटलं, "बॅटरी नाही चाचा, फ्यूज असेल." एक सांगतो, सगळे फ्यूज मीच बदललेले होते.

अनिल पुडा सीटवर ठेवून उतरला. चाचाही आले, दोन रिक्षावाले आले, आणि चौघांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली. अनिल परत बसला तेव्हा त्याच्या पाठीला शर्ट चिकटला होता.

यानंतर मी ठरवलं, आता अंबाडीपर्यंत गाडी बंदच करायची नाही. उत्तम निर्णय होता. मग गॅसचा काटा खाली आला. सीएनजी भरायचा तर पंपावर गाडी बंद करावी लागते आणि सगळ्यांना खाली उतरावं लागतं. मी पंपवाल्याला विचारून बघितलं, चालू ठेवून नाही का भरता येणार. त्याने माझ्याकडे असं बघितलं की बस. पंपावरून धक्का मारायला आता रिक्षावाले नव्हते. अनिल होता, संगीता होती. भरजरी साडी कमरेला खोचून संगीता धक्का मारत होती आणि आई बाजूला पेढे धरून उभी होती. संगीता गाडीत बसली ती अंबाडीपर्यंत पदरावरची धूळ झटकत होती. अनिलच्या नव्या शर्टाच्या बाहीवर डिकीचा काळा पट्टा उमटला होता. त्याने ती बाही दुमडून घेतली. मी आरशात बघायचं टाळलं.

मुलीच्या दारात पोचलो आणि माझ्यासमोर पेच उभा राहिला. गाडी बंद केली तर परत जाताना मुलीच्या घरच्यांसमोर धक्का. म्हणून मी काय केलं माहितीये? गाडी चालूच ठेवली. हँडब्रेक ओढला, चावी तशीच, आणि आत जाऊन बसलो.

मुलीचे वडील काशिनाथराव दारातच उभे होते. साधा माणूस, पांढरा लेंगा, वर बनियनवर शर्ट. जयभीम झाला, पाणी आलं. त्यांनी अंगणाकडे बघितलं. "गाडी चालूच हाय तुमची."

"असू दे," मी म्हटलं. "तिला सवय आहे."

एवढंच बोललो. संगीताने मान डोलावली. मी पुढे दहा मिनिटं खरंच गप्प बसलो. हवापाणी, रस्त्याचे खड्डे, आईच्या गुडघ्यांचं दुखणं, सगळं मी नुसतं ऐकलं. रेखाने, म्हणजे मुलीने, पोह्यांच्या बशा आणल्या. सावळी, उंच, नजरेला नजर देऊन बघणारी. तिने अनिलला बशी दिली आणि बाहीकडे बघून विचारलं, "धक्का मारावा लागला का?" अनिल चक्क हसला. अकरा घरांत जे झालं नव्हतं ते झालं. आईने माझ्याकडे समाधानाने बघितलं. मलाही वाटलं, जमतंय बरं का.

मी पोह्यांचा घास घेतला आणि अंगणातला आवाज थांबला. काशिनाथराव बाहेरून आत आले. हातात आमच्या गाडीची चावी.

"इसरला व्हता. बंद करून आलो."

चांगुलपणाने केलं हो त्या माणसाने. त्यांचं काय चुकलं? पण मी बशी घेऊन ताडकन उभा राहिलो. "बंद केली?"

"का, काय झालं?"

"काही नाही," संगीता म्हणाली.

"काही नाही," अनिल म्हणाला.

"काही नाही," मी म्हटलं आणि बसलो. माझ्याकडून मी पूर्ण प्रयत्न केला, याची नोंद घ्या.

काशिनाथराव चावी माझ्या हातात देत सहज म्हणाले, "बॅटरी गेली असंल."

बस. एवढं एकच वाक्य. त्याच वाक्यावरून मी तीन महिने जगाशी भांडत होतो. माझ्या आतलं काहीतरी सुटलं. अनिलने डोळे मिटून घेतले, ते मला दिसलं, तरी मी थांबलो नाही.

"बॅटरी? शक्यच नाही. तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो."

समोर कागद पडला होता, तो उलटा केला आणि खिशातला पेन काढला. तो अनिलचा बायोडेटा होता. त्याच्या पाठीवर मी बॅटरी काढली, धन, ऋण, बाण, सगळं. सीसीए म्हणजे काय ते सांगितलं. माझ्या बॅटरीचा आकडा किती मोठा आहे ते अधोरेखित केलं. मग क्षमतेवर आलो. लेबलवर चव्वेचाळीस अँपिअर-तास लिहिलंय, म्हणजे चव्वेचाळीस अँपिअर सलग एक तास, साधा गुणाकार, पाचवीच्या मुलाला येईल. एवढी ताकद भरलेली असताना बॅटरी जाईल कशी? आणि वर डोळा. डोळा हिरवा आहे.

काशिनाथराव शांतपणे ऐकत होते. "आमच्या डेपोत बॅटऱ्या असायच्या..." त्यांनी सुरुवात केली.

"त्या जुन्या, झाकणाच्या," मी म्हटलं. "ही सीलबंद असते. तुम्हाला नाही कळायचं ते."

आईने कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला.

रेखा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मला वाटलं, मुलीलाही बोलतं करावं, तेवढंच वातावरण हलकं. अगदी वर्गातल्यासारखं विचारलं, "काय, सीसीए कधी ऐकलंय का?"

"ऐकलंय थोडं."

"घाबरायचं नाही. चुकलं तरी चालेल."

तिने ट्रे ठेवला. म्हणाली, "चावी देता?"

सगळे अंगणात. तिने पडवीतल्या पेटीतून दोन चिमटे लावलेलं एक यंत्र काढलं, वर काटा. बॉनेट उघडलं. अनिलला म्हणाली, "हा चिमटा धरा जरा," आणि अनिलने धरला. काटा साडेदहा व्होल्टवर. "बारा-साडेबारा पाहिजे," ती म्हणाली. मग तिने यंत्राचं बटण दाबून बॅटरीवर भार टाकला. काटा जो खाली गेला तो माझ्याकडे बघायलासुद्धा थांबला नाही.

"कधी घेतलीत?"

"दिवाळीत."

तिने बॅटरीच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली, तिथे ठोकलेला आकडा वाचला. "घेतलीत दिवाळीत. बनलीय त्याच्या आधीच्या दिवाळीत. वर्षभर फळीवर बसून होती."

नंबर मत देखो, तारीख देखो. मला चाचांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"पण डोळा हिरवा आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"सर, आत सेल सहा असतात," रेखा म्हणाली. तिला रागही नव्हता, हेच जास्त लागलं. "हा डोळा त्यातल्या एकाच सेलात बघतो. त्याच्याखालचा सेल चांगला आहे, म्हणून हिरवा दिसतो. बाकी पाचांचं त्याला काही कळत नाही. तुमचा त्या पाचांतला एक मेलाय. एक मेला की बाकीचे कितीही चांगले असू देत, गाडी ढिम्म हलत नाही."

"आणि चव्वेचाळीस अँपिअर?" हे मी का विचारलं, मला माहीत नाही. बुडणारा माणूस आणखी काय करणार.

"तो वीस तासांचा हिशोब असतो. जेमतेम दोन-सव्वादोन अँपिअर, वीस तास. एकदम ओढायला गेलात तर तेवढं देत नाही ती. आणि तो मोठा आकडा थंडीचा आहे. आपल्याकडे बॅटरी थंडीने मरत नाही, उन्हाने मरते."

संगीताने अगदी गोड आवाजात विचारलं, "कुठे शिकलात हो हे सगळं?"

काशिनाथरावांनी आश्चर्याने आमच्याकडे बघितलं. "दुकान हाय ना तिचं नाक्यावर. बॅटऱ्यांचं. मी तीस वर्सं डेपोच्या बॅटरी सेक्शनला व्हतो, माझ्यापाशीच शिकली. मध्यस्थानं सांगितलं न्हाय तुमाला?"

सांगत होता तो. मी फोन ठेवला.

तुम्हाला सांगतो, मला त्या क्षणी बॉनेटमध्ये शिरून वरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं. तीस वर्षं बॅटऱ्या हाताळलेल्या माणसाला, त्याच्याच घरात, त्याचेच पोहे खात, 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणून आलो होतो मी. बाराव्या घरीही 'मुलगा चांगला आहे, पण' हेच होणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. आणि हे शेवटचं घर होतं. मी अनिलकडे बघितलं. तो अजून चिमटा धरून उभा होता, बाहीवर काळा पट्टा घेऊन. त्याच्याकडे बघवेना मला.

आणि अनिल बोलला.

"आमच्या गोदामात माल उचलायच्या बॅटरीच्या ट्रॉल्या आहेत," तो रेखाला म्हणाला. "दोन वर्षांची बॅटरी सहा महिन्यांत जाते. रात्रपाळीवाले अर्धवट चार्ज करून काढतात. त्याने होतं का?"

"त्यानेच," ती म्हणाली. "पाणी कोण बघतं त्यांचं?"

"कोणीच नाही. मी सांगून दमलो."

बॉनेटवर वाकून दोघं वीस मिनिटं बोलत होती. अनिल, आमचा अनिल, हातवारे करत होता. मला त्यात एक मुद्दा घालायचा होता, खरंच महत्त्वाचा होता, पण मी पाऊल उचललं आणि आईने मागून शर्ट धरला. "हाल तू हितनं," ती म्हणाली, "मंग बघ."

निघताना रेखाने स्वतःच्या दुकानातून एक बॅटरी आणून आमच्या गाडीला बसवली. "ही लावून जा. तुमची वॉरंटीत असेल, बदलून घ्या. माझी सवडीने परत करा."

वॉरंटीत होतीच. शिक्का मारलेलं कार्ड गाडीच्या खणात आठ महिने पडलेलं. म्हणजे स्टार्टर, पट्टा, वायर, धक्के, संगीताची साडी, सगळं टळलं असतं. मी चावी फिरवली. गाडी अशी सुरू झाली की मला तिचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो. मेलेली बॅटरी समोर ठेवली. त्यांनी एक शब्द विचारला नाही, नुसतं म्हणाले, "कौन सी दूँ, सर?"

"तुम्ही द्याल ती, चाचा."

त्यांनी दिली. मी लेबल वाचलं नाही. डोळ्यात तर बघितलंच नाही.

अंबाडीहून आठ दिवस निरोप नाही. ते आठ दिवस कसे गेले ते विचारू नका. अनिल 'आलो' म्हणायचा, 'जातो' म्हणायचा, मधे माझ्याकडे बघायचा नाही. मी रात्री संगीताला म्हटलं, माझ्यापायी याचं आयुष्य गेलं. ती म्हणाली, "झोपा आता." नाही म्हणाली नाही. पुढच्या रविवारी अनिल रेखाची बॅटरी परत द्यायला एकटाच गेला. सकाळी नऊला गेला, दिवस मावळताना आला. अंबाडी एवढी लांब नाही हो.

त्याच संध्याकाळी काशिनाथरावांचा फोन. मी धावत जाऊन उचलला.

"पोरीला पसंत हाय," ते म्हणाले. "मुलगा ऐकून घेनारा हाय, तिला तेच पायजेल व्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी अनिलला हाताने खूण केली आणि तो भिंतीला टेकला.

"फकस्त एक हाय, सर. बैठकीला तुमी येयाचंच. वडलांच्या जागेवर हाव, मान तुमचाच. पण बोलाया वहिनींना द्या."

तर पुढच्या आठवड्यात बैठक आहे. मी मधोमध बसणार, टोपी घालून, आणि बोलणार संगीता. मी हो म्हणून बसलोय.

आनंदाच्या भरात त्या दिवशी सगळ्यांनी एकत्र चहा घेतला. संगीताने मुलींना सेलची गोष्ट सांगितली, अगदी रंगवून. मोठीने बोटांवर मोजलं. "आजी, आई, काका, आम्ही दोघी, बाबा. आपण पण सहाच."

धाकटी जरा विचार करून म्हणाली, "पण काकी आल्यावर सात होतील. बॅटरीत सहाच बसतात ना? मग एक काढायला लागेल."

आई, संगीता, अनिल, दोन्ही पोरी, सगळ्यांनी हळूच माना वळवल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"माझं काय?" मी म्हटलं. "मी तर ठणठणीत आहे."

संगीताने माझ्या कपात चहा ओतला. "असणारच," ती म्हणाली. "हिरवे दिसताय."